गाडी कुठंय ते रेडिओच सांगेल: एपीआरएस ट्रॅकर लावायची माझी पद्धत

मोबाइलवरून लोकेशन पाठवता येतं की, मग रेडिओ कशाला, असं घरचे पण विचारतात आणि बाहेरचे पण. उत्तर सोप्पंय, मोबाइलला टॉवर लागतो, आणि टॉवर जिथे संपतात नेमकं तिथेच गाडी कुठे अडकलीय हे कळायला हवं असतं. दुसरं कारण म्हणजे हौस. आपणच लावलेल्या अँटेनातून आपल्याच गाडीचा ठिपका नकाशावर सरकताना बघायला जाम मजा येते, त्याला इलाज नाही.

हॅम रेडिओत, म्हणजे लायसन्स घेऊन हौसेने रेडिओ चालवणाऱ्यांच्या जगात, याला एपीआरएस म्हणतात, म्हणजे ऑटोमॅटिक पॅकेट रिपोर्टिंग सिस्टिम. बॉब ब्रुनिंगा नावाच्या अमेरिकन हॅमने १९८२ साली ॲपल टू कॉम्प्युटरवर नौदलाचे पोझिशन रिपोर्ट नकाशावर मांडायचा प्रोग्राम लिहिला, १९८४ मध्ये त्याचीच पुढची आवृत्ती व्हिक-२० कॉम्प्युटरवर चालवून १०० मैलांच्या घोड्यांच्या शर्यतीत वापरली, आणि तिथून हे सगळं वाढत गेलं. गंमत म्हणजे ते कायम सांगत राहिले की बाबांनो ही नुसती गाडी शोधायची सिस्टिम नाहीये, यात मेसेज आहेत, हवामान आहे, आसपास काय चाललंय ते सगळं आहे. २०२२ मध्ये ते गेले. आपण मात्र आज गाडीच शोधणार आहोत, माफ करा बॉब.

काम कसं चालतं ते आधी बघू, कारण हे डोक्यात बसलं की पुढची सेटिंग पाठ करावी लागत नाहीत. जीपीएस रिसीव्हर गाडीची पोझिशन काढतो, ट्रॅकर त्याचं छोटं पॅकेट बनवतो आणि ते पॅकेट आवाजात बदलतो, १२०० हर्ट्झ आणि २२०० हर्ट्झ असे दोन टोन, सेकंदाला १२०० बिट. तो चर्रर्र आवाज साध्या एफएम रेडिओतून बाहेर जातो. डोंगरावरचा डिजिपीटर तो ऐकून परत सोडतो, आणि कुठेतरी कुणाच्या घरी आयगेट असतो तो ऐकलेलं पॅकेट इंटरनेटवर ढकलतो, मग एपीआरएस.एफआय सारख्या वेबसाइटच्या नकाशावर तुम्ही दिसता. पण इंटरनेट हा बोनस आहे. मागच्या गाडीत रिसीव्हर असेल तर पुढच्या गाडीचं पॅकेट थेट हवेतून मिळतं, मध्ये कोणी लागत नाही.

आता खरी मेख इथेय. अख्ख्या भागातले सगळे लोक एकाच फ्रिक्वेन्सीवर असतात. उत्तर अमेरिकेत १४४.३९०, युरोपात १४४.८००, ऑस्ट्रेलियात १४५.१७५, न्यूझीलंडमध्ये १४४.५७५ मेगाहर्ट्झ, बाकी तुमच्या देशाचा बँड प्लॅन (कुठली फ्रिक्वेन्सी कशाला याचा तक्ता) बघा, अंदाजाने लावू नका. एक पॅकेट साधारण ८०-९० बाइटचं धरलं तर अर्ध्या सेकंदाच्या वर वेळ जातोच, वर सुरुवातीचा ट्रान्समीटर स्थिर व्हायचा वेळ धरून एक सेकंद म्हणा. ते पॅकेट दोन-तीन डिजिपीटरनी परत सोडलं की तुमचा एक सेकंद चॅनेलचे तीन-चार सेकंद खातो. आणि मिनिटाला सेकंद साठच. त्यामुळे चांगला ट्रॅकर म्हणजे दर पाच सेकंदाला ओरडणारा नव्हे. जेव्हा सांगण्यासारखं काही असेल तेव्हाच बोलणारा तो चांगला. खालची सगळी सेटिंग याच एका गोष्टीभोवती फिरतात.

लायसन्सचं पहिलंच सांगून टाकतो. ट्रान्समिट करायला हॅम लायसन्स पाहिजे, ऐकायला मात्र बऱ्याच ठिकाणी लागत नाही, तुमचे नियम बघा. आणि हॅम बँडवर काहीही गुप्त नसतं, एन्क्रिप्शन चालत नाही, तुमची गाडी कुठंय हे सगळं जग बघू शकतं आणि नकाशाच्या साइट जुने ट्रॅक साठवून पण ठेवतात. म्हणून धंद्याच्या गाड्या ट्रॅक करायला हे नाही, आणि दुसऱ्याच्या गाडीत गुपचूप ठेवायला तर अजिबातच नाही. मी स्वतः घराच्या एक-दोन किलोमीटर अलीकडेच ट्रॅकर बंद करतो.

सामानात तीन रस्ते आहेत. सगळ्यात सरळ म्हणजे आत एपीआरएस असलेला रेडिओ, केनवूडचे डी७१०, डी७२, डी७४, डी७५ किंवा येसूचे एफटीएम-४०० वगैरे, यांच्यात मेनूत जाऊन कॉलसाइन (लायसन्ससोबत मिळणारं तुमच्या स्टेशनचं नाव) भरला की झालं. दुसरा रस्ता, घरात पडलेला कुठलाही दोन मीटरचा (१४४ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या बँडचा) एफएम सेट आणि त्याला टायनीट्रॅकसारखा छोटा ट्रॅकर बोर्ड नि एक जीपीएस. तिसरा म्हणजे मोबाइल, त्यावर एपीआरएसड्रॉइड ॲप, आणि ब्लूटूथवरून मोबिलिंकडसारखा टीएनसी, म्हणजे पॅकेटचे टोन आणि टोनचं पॅकेट करणारा डबा, जो रेडिओला जोडतो. या तिसऱ्यात एक गोची लक्षात ठेवा, ते ॲप नुसत्या इंटरनेटवरून पण पोझिशन पाठवू शकतं, आणि मग लोक खूश होतात की आपला ट्रॅकर झकास चालतोय, प्रत्यक्षात रेडिओतून एक पॅकेट गेलेलं नसतं. नकाशावर रॉ पॅकेट (जसं आलं तसं मूळ पॅकेट) उघडून बघा, मार्गात टीसीपीआयपी लिहिलं असेल तर तो रेडिओ नव्हे.

मला विचाराल तर पहिल्यांदा दुसरा रस्ता घ्या. वायरी जुळवताना शिव्या घालाल पण काय कशाने बिघडतं ते कायमचं कळेल.

अँटेनात मात्र कंजुषी नको. हँडसेट डॅशबोर्डवर ठेवून त्याच्या रबरी अँटेनाने काम भागवायला बघाल तर पत्र्याच्या डब्यात बसून हाका मारल्यासारखं होतं. छताच्या मधोमध मॅगमाउंट (चुंबकाने चिकटणारा अँटेनाचा पाया) आणि त्यावर पाव तरंगलांबीची काडी, जी या बँडला साधारण ४९ सेंटिमीटर भरते, एवढं पुरतं. पाच वॉटचा हँडसेट या अँटेनावर जेवढं जाईल तेवढं आतल्या रबरी शेपटीवर पन्नास वॉटला पण जाणार नाही असं मी म्हणतो, थोडी अतिशयोक्ती धरा. केबल दाराच्या रबरातून आत घेताना खाली एक वळसा सोडा म्हणजे पावसाचं पाणी केबलवरून ओघळत आत न येता तिथेच गळून पडतं.

रेडिओची पॉवर बॅटरीवरून थेट, फ्यूज बॅटरीच्या जवळ. ट्रॅकरची वायर मात्र चावीनंतर चालू होणाऱ्या लाइनवर द्या. का ते सांगतो. मी एकदा सगळं बॅटरीवर थेट जोडलं होतं, टेस्टिंगसाठी इंटरव्हल तीस सेकंद लावलेला तो तसाच राहिला, गाडी लावली, झोपलो. सकाळी एका जुन्या हॅमचा मेसेज, अतिशय सभ्य भाषेत, की आपली गाडी रात्रभरात जागची हलली नाही हे आम्हाला सुमारे हजार वेळा कळलं, धन्यवाद. बॅटरी पण उतरलेली होती ते वेगळंच.

जीपीएसला आकाश दिसलं पाहिजे आणि तो ट्रान्समीटरच्या अँटेनापासून जरा लांब हवा. बहुतेक जुने ट्रॅकर ४८०० बॉडवर (बॉड म्हणजे डेटाचा वेग) एनएमईए वाक्यं, म्हणजे जीपीएस ज्या ओळींत पोझिशन सांगतो त्या, मागतात, नवीन मॉड्यूल बऱ्याचदा ९६०० वर येतात, त्यामुळे दिवा लुकलुकतोय पण ट्रॅकरला काही कळत नाहीये असं झालं तर आधी बॉड रेट बघा. लॅपटॉपला लावून जीपीआरएमसी वाक्य वाचा, वेळेनंतर व्ही अक्षर असेल तर फिक्स नाही, म्हणजे पोझिशन अजून सापडलेली नाही, ए असेल तर आहे. जीपीएस बराच वेळ बंद राहून परत चालू केला की काही मिनिटं लागू शकतात, तेवढा धीर धरा. सस्त्या यूएसबी चार्जरच्या आवाजाने जीपीएस आणि दोन मीटर दोन्ही बहिरे होतात, चार्जर काढून बघणे हा माझा पहिला उपाय असतो.

आता सेटिंग. कॉलसाइनला आडवी रेघ देऊन आकडा लावतात, गाडीला ९, हँडसेटला ७, मोबाइल ॲपला ५, बोटीला ८, ट्रकला १४, बलूनला ११ असा रिवाज आहे. म्हणजे कॉलसाइन-९ दिसलं की बघणाऱ्याला कळतं ही फिरती गाडी आहे. चिन्ह पण निवडावं लागतं, कार, जीप, व्हॅन, बस, मोटारसायकल, सायकल सगळी आहेत. हे नुसतं शोभेचं नाही, मदतीला निघालेला माणूस सायकल शोधतोय की ट्रक यात फरक पडतो.

पाथ म्हणजे तुमचं पॅकेट किती उड्या मारेल. गाडीसाठी वाइड१-१,वाइड२-१ लिहायचं आणि विषय संपवायचा. पहिला भाग जवळचे छोटे घरगुती डिजिपीटर उचलतात, दुसरा भाग डोंगरावरचे मोठे. कोणी वाइड७-७ लावायला सांगितलं तर हसून सोडून द्या, तुमची गाडी बाजारात निघाली ही बातमी तीन प्रांत पलीकडे कोणाला नकोय, आणि बरेच डिजिपीटर असे पाथ कापतातच. उलट शहरात, जिथे आयगेट गल्लोगल्ली आहेत, तिथे वाइड२-१ एकटं पण पुरतं.

कॉमेंटमध्ये निबंध नको, अक्षरागणिक वेळ जातो. दर पॅकेटला कॉमेंट पाठवायचीच गरज नसते, दहातून एकदा पुरे. मिक-ई नावाचा फॉरमॅट असेल तर तो घ्या, त्यात अक्षांश पॅकेटच्या पत्त्याच्या जागेतच लपवतात आणि बाकी पोझिशन, वेग, दिशा सगळं नऊ बाइटमध्ये बसतं.

इथे एक खड्डा आहे ज्यात मी पडलोय. एपीआरएसच्या साध्या फॉरमॅटमध्ये अक्षांश-रेखांश अंश आणि मिनिटं असे लिहितात, दशांश अंशात नाही. जीपीएसकडून येणारी पोझिशन ट्रॅकर बरोबर हाताळतो, पण घरच्या स्टेशनची जागा आपण हाताने भरतो ना, तिथे घोटाळा होतो. समजा नकाशावर साडेबारा अंश म्हणजे १२.५० दिसतंय, तर ते भरायचं १२ अंश ३०.०० मिनिटं असं. मी १२ अंश ५० मिनिटं भरावीत तसं भरलं होतं. वीस मिनिटांची चूक म्हणजे ३७ किलोमीटर. आठवडाभर माझं घर डोंगरापलीकडे होतं आणि मी सिग्नल एवढा लांब कसा जातोय म्हणून छाती फुगवून फिरत होतो. वेग नॉट्समध्ये आणि उंची फुटात जाते हे पण लक्षात असू द्या, नाहीतर रॉ पॅकेटमध्ये ४३ बघून तुम्हाला वाटेल स्पीडोमीटर खोटा बोलतोय, ते ८० किलोमीटरच आहेत.

आता येतो मुख्य भाग, बीकन, म्हणजे पोझिशनचं पॅकेट, कधी सोडायचा. ठराविक वेळाने सोडला, म्हणजे दर दोन मिनिटांनी, तर हायवेवर ठीक दिसतं पण गावात गाडी चार वळणं घेऊन निघून जाते आणि नकाशावर रेघ घरांवरून तिरकी जाते. इंटरव्हल कमी केला तर सिग्नलला उभी असताना पण बडबड चालू. यावर उपाय म्हणजे स्मार्टबीकनिंग, टोनी आर्नेरिक आणि स्टीव्ह ब्रॅग या दोन हॅमनी हॅमहड नावाच्या प्रोजेक्टसाठी बनवलेला, आता जवळपास सगळ्या ट्रॅकरमध्ये असतो.

आकडे घालून बघू. जास्त वेग ९० किलोमीटर, त्याला दर ६० सेकंद. कमी वेग ५ किलोमीटर, त्याखाली गाडी थांबलेलीच समजा, दर ३० मिनिटं. मधल्या वेगाला ट्रॅकर स्वतः हिशोब करतो, ६० ला ९० ने गुणायचं आणि चालू वेगाने भागायचं. म्हणजे ४५ च्या वेगाला १२० सेकंद, ३० ला १८० सेकंद. कागदावर करून बघा, गंमत दिसेल, ९० च्या वेगाने ६० सेकंदात दीड किलोमीटर होतो, ४५ ने १२० सेकंदात पण दीड आणि ३० ने १८० सेकंदात पण दीडच. म्हणजे वेग काही असो, ठिपक्यांमधलं अंतर सारखं राहतं. गाडी हळू झाली की बडबड आपोआप कमी.

आणि वळणाचं वेगळं. गाडीची दिशा ठराविक कोनापेक्षा जास्त बदलली की लगेच एक पॅकेट, वेळ झालेली असो नसो. याला कॉर्नर पेगिंग म्हणतात. कमीत कमी कोन मी २८-३० अंश ठेवतो, आणि स्लोप नावाचा एक आकडा असतो ज्यामुळे हळू चालताना लागणारा कोन वाढतो, कारण पार्किंगमध्ये गाडी मागेपुढे करताना दिशा भराभर बदलते आणि ते कोणाला सांगायची गरज नसते. स्लोपचं एकक दर कंपनीचं वेगळं, त्यामुळे तो मूळ आहे तसाच राहू द्या. दोन वळण-पॅकेटमध्ये निदान १५-२० सेकंद ठेवा, घाटात मी ३० करतो, नाहीतर दर हेअरपिनला ट्रॅकर किंचाळतो आणि घाटात तसंही निम्मी पॅकेटं दरीत जातात.

आवाजाची पातळी. नव्या लोकांचे सत्तर टक्के प्रॉब्लेम इथेच असतात असं माझं मत. सगळ्यांना वाटतं जोरात बोललं की लांब जातं, इथे उलटं, टोन जास्त मोठा झाला की एफएम रेडिओ त्याचं डोकं छाटतो आणि ऐकणाऱ्याला पॅकेट येतं पण वाचता येत नाही. डेव्हिएशन, म्हणजे टोनमुळे फ्रिक्वेन्सी किती इकडेतिकडे हलते ते, साधारण ३ किलोहर्ट्झच्या आसपास हवं. मीटर नसेल तर असं करा, रिकाम्या फ्रिक्वेन्सीवर, डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावायचा, सिग्नल हवेत न सोडणारा रोध), कमी पॉवरला ट्रॅकरचा टेस्ट टोन सोडा आणि दुसऱ्या रेडिओवर ऐका. ट्रॅकरचा आवाज कमीजास्त करायचा पॉट हळूहळू वाढवत न्या, एक जागा येते जिथे फिरवलं तरी आवाज वाढत नाही, तिथून परत फिरा आणि कानाला साधारण निम्मा वाटेल तिथे थांबा. आवाज जरा बारीकच वाटतो, वाटू द्या.

पीटीटीची (ट्रान्समिट चालू करायची) वायर जोडा, व्हॉक्सवर (आवाज आला की आपोआप ट्रान्समिट) चालवू नका, व्हॉक्स सुरुवात खातो आणि पॅकेट संपल्यावर पण ट्रान्समीटर उगाच धरून ठेवतो. टीएक्स डिले (ट्रान्समीटर चालू झाल्यावर डेटाआधी थांबायचा वेळ) ३०० मिलिसेकंदापासून सुरू करा, बरेच सेट त्यात भागतात. सीटीसीएसएस (ठराविक टोन असेल तरच आवाज उघडणारी सोय) बंद, आणि रेडिओचा बॅटरी सेव्हर पण बंद, नाहीतर ऐकताना तो डुलक्या घेतो आणि पॅकेटचं तोंड निसटतं.

आता रस्त्यावर. पहिली फेरी एकट्याने मारू नका, एक जण गाडी चालवेल आणि एक जण बघेल. चालवताना स्क्रीनकडे बघणारा हॅम मला अजिबात आवडत नाही. ओळखीचा रस्ता घ्या ज्यात थोडा हायवे, थोडी वळणं आणि एखादा खोलगट भाग आहे. घरी परत आल्यावर नकाशावरची रेघ आणि रॉ पॅकेट दोन्ही शेजारी ठेवून वाचा. कुठलं पॅकेट कुठल्या डिजिपीटरने उचललं ते त्याच्या मार्गातल्या कॉलसाइन पुढच्या तारकेवरून कळतं. ठिपका नाही म्हणजे ट्रॅकर गप्प होता असं नाही, तो बोलला असेल आणि दुसऱ्या कोणाशी टक्कर होऊन वाया गेला असेल, किंवा ऐकायला कोणीच नसेल. रेघ मध्येच मागे उडी मारून परत पुढे येत असेल तर बहुधा कुठल्यातरी आयगेटने पॅकेट उशिरा पोचवलंय, तुमची चूक नाही, एपीआरएस.एफआय तिथे उशिरा आलेलं पॅकेट असं लिहितो पण.

इंटरनेट नसलेल्या जागी दुसऱ्या गाडीला दाखवायचं असेल तर त्या गाडीत रेडिओचा आवाज लॅपटॉपच्या साउंड कार्डला द्या, डायरवुल्फ सॉफ्टवेअर पॅकेट वाचतं, आणि यॅक किंवा झास्टिर ते नकाशावर टाकतं. नकाशे घरूनच डाउनलोड करून न्या हो, हे मी दोनदा विसरलोय आणि दोन्ही वेळा कोऱ्या पडद्यावर एक सुंदर कार एकटीच फिरत होती. डोंगराआड सिग्नल जात नसेल तर उंचावर एक गाडी उभी करून तिच्यावर छोटा डिजिपीटर चालवा, त्याने जो फरक पडतो तो पॉवर वाढवून पडत नाही.

लोरा, म्हणजे थोड्या पॉवरवर संथपणे डेटा पाठवायची वेगळी रेडिओ पद्धत, त्यावरच्या एपीआरएसबद्दल पण विचारतात. युरोपात ४३३.७७५ मेगाहर्ट्झवर चालतं, टी-बीमसारख्या बोर्डावर जीपीएस, रेडिओ सगळं एकत्र, पॉवर अगदी थोडी आणि तरी पल्ला बरा. पण ते वेगळं जाळं आहे, तुमच्या भागात लोराचे आयगेट असतील तरच उपयोग, आणि पॅकेट दोन-अडीच सेकंद हवेत राहतं त्यामुळे बडबड तिथे अजूनच महाग.

सगळं लावून झालं, चाललं, की रेडिओची बटणं लॉक करा आणि स्क्वेल्चच्या (सिग्नल नसताना खरखर बंद ठेवणारी सोय) नॉबवर चिकटपट्टी मारा. ही चिकटपट्टी कशी आली सांगतो. साधे ट्रॅकर चॅनेल मोकळा आहे का हे नुसत्या आवाजावरून ठरवतात, स्पीकरमधून काही ऐकू आलं म्हणजे कोणीतरी बोलतंय, थांबा. पूर्ण टीएनसीचं तसं नसतं, तो खरे टोन ओळखतो म्हणून त्याला स्क्वेल्च उघडा चालतो. माझा साधा होता. एका लांबच्या ट्रिपला शेजारी बसलेल्या मित्राचा गुडघा स्क्वेल्चला लागला, तो उघडला, रेडिओत सतत खरखर सुरू झाली, आवाज कमी होता म्हणून गाण्यांच्या नादात कोणाला ऐकू गेली नाही. ट्रॅकरला वाटलं चॅनेलवर कोणीतरी बोलतंय. तो बिचारा सव्वादोन तास त्या माणसाचं बोलणं संपायची वाट बघत थांबला होता, आणि नकाशावर आमची गाडी तेवढा वेळ एका पेट्रोल पंपावर उभी होती.